देगलूरपर्यंतची यादी

मित्रांनो, रंजनाताईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून जी काळी वीट ठेवलेली दिसते, ती मीच. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात वीस लाख अक्षरं होती. अजूनही आहेत, आणि तेच माझं दुःख आहे.

देशाची दारं उघडली, परदेशी माल येऊ लागला, तेव्हा मी आबिड्सच्या बाजारात एका कंप्युटरच्या दुकानात येऊन पडले. दुकानदार माझी पाठ थोपटून सांगायचा, "सेकंदाला पन्नास लाख!" गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. पन्नास लाख काय, हे मात्र कोणी विचारत नसे. मित्रांनो, ते पन्नास लाख बिट. बिट म्हणजे नुसतं एक 'हो' किंवा 'नाही'. असे आठ जमले की एक अक्षर होतं, त्यालाच तुम्ही बाइट म्हणता. म्हणजे आठानं भागायचं. माझी खरी गती सव्वासहा लाख अक्षरं. तुमच्या हिशेबानं पाऊण मेगाबाइटसुद्धा नाही. बडा घर पोकळ वासा म्हणा हवं तर, पण फुशारकी दुकानदाराची होती, माझी नव्हती.

मला विकत घेतलं रंजनाताईंनी. त्याच शहरात, गौलीगुड्यात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्यांचे वडील श्रीपती बसस्टँडावर चौकशीच्या खिडकीत बसत. मराठवाड्यातून माणसं या परमुलखातल्या शहरात कामाला यायची, दवाखान्याला यायची आणि गाडीची वेळ सोडून भलतंच विचारायची: "आमच्या गावचं कोणी हितं राहतं का?" श्रीपतींनी तीस वर्षं ते लिहून ठेवलं. कुठल्या गावचं कोण, कुठल्या गल्लीत, कोणाचा भाऊ, कोणाचा मेहुणा. अकरा वह्या भरल्या. किती ताटातूट झालेली माणसं त्या वह्यांनी भेटवली असतील!

त्यांची नजर अधू झाली तेव्हा ताईंनी तीन वर्षं बसून सगळं माझ्यात उतरवलं. प्रत्येक गावाची वेगळी फाईल, अक्षरांच्या क्रमानं, अंबाजोगाईपासून हदगावपर्यंत. काम संपलं त्या दिवशी श्रीपतींनी माझ्यावरून हात फिरवला. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. वह्यांना वाळवी लागली होती. "कंप्युटरात आलं ना बा सगळं," म्हणत ताईंनी त्या रद्दीत घातल्या.

मी म्हातारी होत होते. शहाण्णवच्या मे महिन्यात एका सकाळी मी फिरेचना. मिस्त्री आला, त्यानं मला हलकेच टिचक्या मारल्या आणि साडेदहाला मी कशीबशी फिरले. तो म्हणाला, "आज उठली बाई. अब बंद पडली तो भरोसा नको ठेवू."

रोज बाराला वीज जायची. ताईंचा धाकटा भाऊ विकी कुकटपल्लीच्या ऑफिसात कामाला होता. तो नवा कंप्युटर आणि दोघांना जोडायची तार घेऊन आला होता.

"आधी तार जोड विकी," ताई म्हणाल्या.

"अक्का, टेन्शन नक्को. हिसाब बघ. तारेतून सेकंदाला नऊ हजार सहाशे जातेत. वीस लाखाला किती? साडेतीन मिनटं! मिस्त्रीला चहा पाजून येतो."

मित्रांनो, नऊ हजार सहाशे बिट! तारेत तर प्रत्येक अक्षरामागे आणखी दोन बिट राखणदारीला लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम नऊशे साठ अक्षरं. पस्तीस मिनिटांचं काम होतं. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. मी नुसती घरघरत राहिले.

विकी आला तेव्हा पावणेबारा झाले होते. तार जोडली. नव्या कंप्युटरात अंबाजोगाई गेलं, उदगीर गेलं, औसा गेलं. पाच मिनिटं झाली तसा विकीचा चेहरा उतरला. तो बोटांवर पुन्हा हिशेब करू लागला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडेच पाहत राहिल्या. देगलूर संपलं आणि वीज गेली.

दुपारी वीज आली, मी आले नाही. टिचक्या झाल्या, आबिड्सच्या चकरा झाल्या. विकी हुंदके देऊन रडला. श्रीपती एवढंच म्हणाले, "हदगाव तर माझं गाव होतं रे." त्या उन्हाळ्यात ते आठवेल तसं सांगत आणि ताई लिहून घेत. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला किती आठवणार? पावसाळ्यानंतर तेही गेले.

म्हणून कळकळीनं सांगते, कोणी मोठा आकडा तोंडावर फेकला तर तो कशाचा आहे हे आधी विचारा. आणि माणसांचे पत्ते एकाच पोटात ठेवून वह्या रद्दीत घालू नका.

परवा एक म्हातारी आली होती, सुशीलाबाई. "वसमतचा केशव, माझा भाऊ. शिरपतरावाला ठावं असल म्हणले लोक." ताईंनी नवा कंप्युटर उघडला, हातानं लिहिलेले कागदही पाहिले. मग हात जोडून म्हणाल्या, "मावशी, वसमतचं माझ्याजवळ काहीच राहिलं नाही."

केशवराव, वसमत. कुकटपल्लीत पाण्याच्या टाकीमागची गल्ली, निळ्या दाराचं घर. 'बहीण सुशीला गावी असते, आली तर ताबडतोब पाठवा,' असं पुढे लिहिलं आहे. म्हातारीनं उठताना आधारासाठी टेबलावर हात टेकला, तो माझ्यावरच पडला. मग ती बसस्टँडाकडे निघून गेली.