काजळीचा पट्टा

बेकरीची व्हॅन गॅरेजमध्ये आली ती बोंबलतच. मालकाने निरोप धाडला होता, "तेवढा आवाज बंद करून दे बाबा, पाव पोचायच्या आधी गल्ली उठून बसते." मिस्त्रीला हसू आलं नाही. ती व्हॅन त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, चालवायचा, आणि मेहुण्याचं नाव मिस्त्रीच्या घरात हल्ली कोणी काढत नव्हतं.

लग्नानंतर मेहुण्याने दारूपायी घराची पार रया घालवली होती. मग एकदाची सोडली आणि बरीच वर्षं ग्लासाला हात लावला नाही. पण यंदा थंडी पडली तशी जुनी लक्षणं पुन्हा दिसू लागली. डोळे लाल, जीभ जड, पाय एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. एका सकाळी व्हॅन थेट एका बंद दुकानाच्या शटरवर जाऊन आदळली. नशीब, कोणाला लागलं नाही. मेहुणा दारातून मान बाहेर काढून ओकत होता. मिस्त्रीने त्याच दिवशी बेकरीच्या दारात, सगळ्या कामगारांदेखत, त्याला फाडून खाल्लं.

"घेतली नाही हो दादा, आईशप्पथ," मेहुणा म्हणत राहिला.

"आईला तरी मध्ये आणू नका," मिस्त्री म्हणाला, आणि बहिणीला, चिमीला, आपल्या घरी घेऊन आला. मालकाने मात्र दुसरा ड्रायव्हर मिळेना म्हणून मेहुण्यालाच गाडीवर ठेवलं होतं.

या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. मिस्त्रीने सीट उचलली, झाकण काढलं आणि आत वाकला. आवाज मॅनिफोल्डपाशी होता. इंजिनातला जळका धूर गोळा करून पाइपात सोडणारा तो ओतीव तुकडा नेमका पत्र्याच्या बाजूला होता, आणि त्या फटीत त्याचा पंजा काही केल्या शिरेना. घर गॅरेजच्या मागेच होतं. त्याने हाक मारली, "चिमे, जरा ये गं. तुझा हात बारीक आहे, आरसा धर."

चिमी आली. तिने आरसा फटीत सारला, त्याने बॅटरीचा झोत टाकला. मागच्या दोन बोल्टची डोकी गायब होती. तिथे मॅनिफोल्ड इंजिनापासून सुटून नखभर फट पडली होती. त्या फटीतून काजळीचा एक काळा पट्टा पत्र्यावरून वर चढत गेला होता. मिस्त्रीची नजर त्या पट्ट्यामागून गेली. झाकणाच्या कडेचं रबर कुजून जागोजागी गळून पडलं होतं. पट्टा तिथे, सीटच्या अगदी खाली, संपत होता.

"काय दिसतंय?" चिमीने विचारलं.

"आरसा हलवू नकोस."

पहिल्या बोल्टचा बुडखा थोडा वर आलेला होता. त्यावर नट ठेवून त्याने वेल्डिंगचा टाका मारला, तापलेल्या आट्यांवर तेल सोडलं आणि पाना लावून हळूहळू मागेपुढे करत राहिला. करकर आवाज करत बोल्ट बाहेर आला. दुसरा मात्र भोकाच्या आत तुटलेला. त्याला मधोमध ड्रिल मारणं भाग होतं, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं की इंजिनाच्या हेडचीच वाट. मिस्त्रीने ड्रिल टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं.

"चिमे," तो आत वाकूनच म्हणाला, "हा धूर गाडीत येत होता. थंडीमुळे काचा बंद. बंद गाडीत हा धूर छातीत गेला की माणूस झिंगल्यासारखाच दिसतो. डोकं धरतं, ओकाऱ्या होतात, झोप लागते. कधी कायमची लागते."

ती आरशाकडेच बघत म्हणाली, "मी त्यांचं तोंड हुंगलं होतं दादा. वास नव्हता. तरी तुझं ऐकलं मी."

मिस्त्रीने ड्रिल पुन्हा टेकवून चालवलं. चिमीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आरसा तिने तसूभर हलू दिला नाही. भोक सरळ पडलं. उलट्या आट्यांची सळई त्यात रुतवून त्याने श्वास रोखून पीळ दिला, आणि बुडखा सुटला.

नवे बोल्ट, सांध्यातून धूर निसटू न देणारं नवं गॅस्केट, झाकणाला नवं रबर. सगळं बसवून होतंय तोवर मेहुणा गाडी न्यायला आला. चिमीला पाहून दारातच थबकला. मिस्त्रीने किल्ली त्याच्या हातात दिली, काढलेलं कुजकं रबर त्याच्यापुढे धरलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. "चुकलो मी," तो म्हणाला.

मेहुणा एका टायरवर बसला. "त्या दिवशी घोटभरही घेतली नव्हती दादा."

"कळलं."

"आज घेतलीय." तो खाली बघत म्हणाला. "ही गेल्यापासून रोज घेतो. सगळे पितो म्हणतात, मग म्हटलं, न पिऊन तरी काय उपयोग?"

वास आता दोघांनाही आला. मिस्त्रीला बोल्ट काढता आले होते. हे कसं काढायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"किल्ली दे दादाकडे," चिमी नवऱ्याला म्हणाली. एरवी ती त्याला अहोजाहो करायची.

मिस्त्रीने व्हॅन चालवली, काचा उघड्या ठेवून. तिघं दाटीवाटीने बसले होते. बेकरीच्या दारात कामगार ट्रे धूत होते. मिस्त्री त्याच जागी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, की गाडी बिघडली होती, माणूस नव्हे, आणि मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. कोणी ट्रे खाली ठेवला, कोणी नुसतं बघत राहिलं. मालकाने मेहुण्याला जवळ बोलावलं, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "गाडी सध्या नाही. भट्टीवर ये उद्यापासून. शुद्धीत येणार असशील तर."

मेहुण्याने मान हलवली.

चिमी माहेरी परतली नाही. "माझे कपडे वहिनीकडून पाठवून दे," ती भावाला म्हणाली. "दारू सुटेल या आशेवर इथे राहते. नाही सुटली तर बघू."

मिस्त्री पायीच निघाला. वळणावर त्याने मागे पाहिलं. दोघं रस्त्याच्या कडेने जात होती, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. मेहुण्याचा तोल गेला तशी तिने त्याला दंडाला धरलं, आणि मग सोडलं नाही.