मैनाची शिट्टी

मित्रांनो, मी वेळूची एक जुनी शिट्टी आहे खरी, पण जुनी म्हणजे खूप वाजलेली असं समजू नका. माझी पहिली आठ वर्षं देवणीच्या बाजारगल्लीत, चांदपाशांच्या दुकानात, खिळ्याला टांगून गेली. आणि खरं सांगते, त्याचा मला भारी तोरा होता.

चांदपाशा गुराख्यांसाठी शिट्ट्या घडवतात. त्यांची रीत अशी, की एका वेळूच्या दोन शिट्ट्या करायच्या. एक गिऱ्हाइकाला द्यायची, दुसरी जोड म्हणून दुकानात ठेवायची. पहिली हरवली किंवा फुटली, की जोडीवरून तोच आवाज पुन्हा जुळवता येतो. माझी बहीण साखराबाई नावाच्या शेतकरीणबाईंकडे गेली. मी मागे राहिले.

आम्हाला घडवायला त्यांना चार दिवस लागले होते. वेळू सावलीत सुकवलेला. आत लाकडी डाट, म्हणजे बूच, बसवला, वर बारीक खिडकी कापली आणि खिडकीच्या काठाला धार लावली. फुंकर त्या धारेवर चिरली जाते, तेव्हा आवाज निघतो. चांदपाशा घासायचे, वाजवायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. "आवाज पाण्यावानी साफ पायजे," हे त्यांचं पालुपद. माझा आवाज तसाच होता. बहीण रानोमाळ हिंडायची आणि माझ्या अंगावर धूळ बसायची, याचं वाईट वाटे. पण माप कधी शेतात राबतं का, अशी मी मनाची समजूत घालायची.

गेल्या माघात एका दुपारी साखराबाई धापा टाकत दुकानात आल्या. पदरात माझ्या बहिणीचे दोन तुकडे होते. ट्रॅक्टरचं चाक तिच्यावरून गेलं होतं.

"चांदचाचा, मैना उसात शिरली!" त्यांचा घसा हाका मारून पार बसला होता. "पहिलारू हाय, पयलंच येत. सकाळधरनं कळा देऊन राहिली. माणसं आत गेली की ती अजून आत सरकती. गुरांचे डॉक्टर बांधावर बसून हायत, पर गाय तर घावाय पायजे!"

मैना ही त्यांची देवणी जातीची गाय. अंग पांढरं, गाल काळे. तिची आई गेली तेव्हा साखराबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दुधाच्या वेळी शिट्टी वाजवायची आणि वासरू पळत यायचं. परक्या माणसाला ती अजूनही बुजते.

"घाबरू नका. जोड हाय ना," चांदपाशा म्हणाले. त्यांनी मला काढलं, पुसलं आणि फुंकलं. काय सांगू, माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला! मी फुलून गेले.

साखराबाईंनी मान हलवली. "ही न्हाई."

"एकाच वेळूची हाय बाई. माझ्याच हातची."

"आसल. पर मैना हिला यायची न्हाई."

चांदपाशांचा चेहरा उतरला. माझंही तेच झालं. तेवढ्यात त्यांची लेक मनतशा पुढे आली. नजर बारीक म्हणून आता बारीक काम तीच करते. तिनं बहिणीचे तुकडे उजेडाला धरले.

"अब्बा, हिची धार पार झिजून गेली. आतमधी मातीचा थर बसलाय. मैना तीन वर्षांची हाय. ती जन्मली तवाच ही शिट्टी अशी झाली असंल. मैनानं साफ आवाज कधी ऐकलाच न्हाई."

"मग?"

"मग ह्या जोडीला बिघडवावं लागतंय."

माझ्या अंगावर काटा आला. चांदपाशांनी मला उलटसुलट करून बघितलं. "चाळीस वर्षं आवाज साफ करण्यात गेली. आता माझ्याच हातानं नास करू?"

"चाचा," साखराबाई हळूच म्हणाल्या, "दोन जीव हायत."

चांदपाशांनी कानस उचलली.

मनतशानं बहिणीच्या आतल्या मातीच्या थराएवढं मेण माझ्या बुडाशी ओतलं. मेण काढता येतं, पण घासलेली धार परत येत नाही. जरा जास्त गेली, की शिट्टी मुकीच व्हायची. पहिला हात मारला, फुंकलं. "न्हाई," साखराबाई डोळे मिटून म्हणाल्या. दुसरा हात. "जवळ आली." तिसरा हात मारला. फुंकलं, तर नुसता वारा गेला. माझा आवाजच निघेना. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

मनतशानं सुई घेतली आणि माझ्या खिडकीत अडकलेला भुसा अलगद उकरला. पुन्हा फुंकलं. भसाडा, फाटका आवाज निघाला. मला लाज वाटली.

"हीच! हीच ती!" साखराबाई रडायलाच लागल्या.

मनतशानं त्यांना मोटारसायकलवर बसवून शेतावर नेलं. ऊस दोन पुरुष उंच. साखराबाईंनी मला फुंकलं, थांबल्या. काही नाही. पुन्हा फुंकलं. बांधावरची माणसं कान देऊन उभी होती. मग दूर आत पाचट खसखसलं. मैनाला उठवत नव्हतं, पण तिनं हंबरून उत्तर दिलं. आम्ही आवाजामागे आत शिरलो. मी वाजायची, ती हंबरायची. मागून डॉक्टर वाकत वाकत येत होते. वासराचा एक पाय आत दुमडला होता. तो सरळ करून डॉक्टरांनी वासरू ओढलं. ते निपचित पडलं. साखराबाईंनी त्याचं नाक पुसलं, अंग चोळलं. आणि ते शिंकलं! मैना त्याला चाटू लागली तेव्हा तिथं कोणाचेच डोळे कोरडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी चांदपाशा वासरू बघायला आले. "आणा ती शिट्टी," ते ओशाळून म्हणाले. "असली वस्तू माझ्या नावानं गावात फिरू नये. नवी साफ करून देतो."

साखराबाईंनी मला मुठीत घट्ट धरलं. "चाचा, राहू द्या. आता वासरूबी हिलाच वळखंल."

मित्रांनो, माझा तो पाण्यासारखा आवाज गेला. कधी कधी त्याची आठवण येते, नाही म्हणणार नाही. पण तुमच्या घरात एखादी झिजलेली, भसाडी वस्तू असेल, तर ती नीट करायला घेण्याआधी एकदा विचारा, तिच्या आवाजावर कोण विसंबून आहे?