मोराच्या मानेचे धागे

महाराष्ट्र झाला त्या साली बोरी अरबच्या जैबुनबीने साडीच्या पदरावर मोर विणायला घेतला. मृगात सुरुवात केली, तुरी फुलल्या तरी मान बाकीच होती. एकेका रंगाची वेगळी कांडी, ताण्याचे धागे बोटांनी मोजून आत घालायची. विणताना कापडाची सुलटी बाजू खाली असते, म्हणून ती मागाखाली आरसा धरून मोर बघायची.

विणकर सोसायटीचे पंजाबराव नागपूरच्या प्रदर्शनासाठी साडीला लावायची चिठ्ठी घेऊन आले. विणकर म्हणून त्यांनी नाव वाचलं जफरचं. जफर तिचा दीर. सायकलींचे पंक्चर काढायचा.

जैबुनबीच्या अंगाची लाही झाली. "यानं कधी मागाले हात लावला?"

"भाभी, बाईचं नाव कोण लिहिते? घरातलंच तं आहे," जफर म्हणाला.

"मंग तुया दुकानावर मायं नाव लिहिशीन काय?"

"कायले तोंड वाजवता?" पंजाबराव हसले. "उद्या प्रदर्शनाचे साहेब विणताना पाहाले येऊन राह्यले. जफरले बसवा."

"दोन धागे घालाले काय लागते?" जफर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेली टोपी घालून मागावर बसला. जैबुनबी दाराशी दात-ओठ खात उभी. जफरने मानेच्या चार ओळी भरल्या आणि धाग्यांची टोकं खाली खुपसून दिली. वरून कापड कसं स्वच्छ!

"वा! काय सफाई आहे!" साहेब म्हणाले. पंजाबरावांची छाती फुगली.

टोकं वर सोडायची असतात, एवढंही त्या मेल्याला ठाऊक नव्हतं. तिने आरसा उचलला आणि मागाखाली सरकवला.

"साहेब, वर काय पाहता? सुलटी बाजू खाली आहे."

साहेब वाकले. मोराच्या गळ्याला धाग्यांची दाढी फुटली होती.

"हे कोणी केलं?"

"चिठ्ठीवर नाव आहे ना. वाचा."

जफरची मान खाली गेली. "भाभी, निस्तर ना."

"मी कोण निस्तरणारी? मायं तं नावच नाही."

"अवो, आठ दिवसांत नागपूरले न्यायचं आहे!" पंजाबराव पुढे झाले.

"मंग खोडा."

पंजाबरावांनी पेन काढलं, जुनं नाव खोडून नवं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पंजाबरावांवर तर तिचा काडीचा भरवसा उरला नव्हता.

"साहेब, तुमी वाचून दाखवा."

"विणकर, जैबुनबी," साहेबांनी वाचलं.

ती मागावर बसली, सुई घेतली, जफरचा एकेक धागा ओढून काढू लागली. जफर हळूच दाराकडे निघाला.

"कुठी चालला? बस खाली," ती म्हणाली. "आरसा धर."