तळपायाचं चित्र

देऊळघाटच्या अन्नपूर्णाबाईंच्या जिभेला सारी भावकी वचकून होती. बाई मात्र एकाच गोष्टीला भ्यायच्या: पाय जाण्याला. थोरल्या दिराचा, शंकररावांचा, साखरेच्या आजारात आधी अंगठा काळा पडला, मग पंजा कापला, मग गुडघ्यापासून पायच गेला. साखर बाईंनाही होती, पण घरात तिचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती.

गावात तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा सून रेवती त्यांना बळेच घेऊन आली. सिस्टर धम्मशीलाने त्यांचे दोन्ही तळवे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. पडद्यावर दोन पाय उमटले. उजवा सगळा निळा, कडेने जरासा हिरवा. डाव्याच्या टाचेवर लालभडक ठिपका, त्याभोवती नारिंगी, मग पिवळा.

बाई पडद्याकडे वाकल्या. निळं तर साप डसलेलं माणूस पडते!

"उजवा गेला वाटते माहा," त्या पुटपुटल्या. "डावा तरी जिता हाय. कसं लाल रक्त खेळून राह्यलं!"

"उलटं हाय आजी," धम्मशीला म्हणाली. "निळा म्हणजे थंडा. लाल म्हणजे तापलेला. दोन्ही पाय एका रंगाचे असते तं काही नव्हतं. एकच टाच तापली, म्हणजे आत काहीतरी पिकून राह्यलं. दुखते का?"

"दुखाले काय धाड भरली? नवरात्रभर अनवाणी फिरली मी. सोयाबीनची धसकटं तुडवली. ही आमची नाजूकनार चप्पल घालूनही लंगडते. माह्या पायाले काटाच लागत नाई."

धम्मशीला डाव्या टाचेवर वाकली होती. रेवतीने मान खाली घातली.

"काऊन वं मुक्या झाल्या दोघी?"

"काटा लागते, आत्याबाई," रेवती हळूच म्हणाली. "तुमाले समजत नाई."

बाई तिच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात धम्मशीलाने चिमटा वर धरला. त्यात बाभळीचा काळा काटा होता. टाचेच्या भेगेतून पू ओघळत होता. काटा कधी रुतला आणि आत्ता कधी निघाला, बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. जणू तो पाय शेजारणीचा.

त्यांची नजर पुन्हा पडद्याकडे गेली. आता त्या रंग वेगळेच वाचू लागल्या. लाल कुठे संपतो, पिवळा कुठवर चढतो.

"हा पिवळा... घोट्याकडे चालला का?"

"नाई. तळव्याच्या खोलगट भागातच थांबला. वर हिरवा हाय. डॉक्टर आजच टाच साफ करतील."

"पाय राह्यते नं माहा?"

"आज आल्या म्हणून आशा हाय. पण आता रोज कोणीतरी तळवे पाह्यले पाह्यजे."

आजवर सुना वाकून त्यांच्या पावलांना हात लावत आल्या होत्या. तळवा कोणाला दाखवला नव्हता. बाईंनी लुगडं सावरलं आणि उजवा पाय रेवतीपुढे केला. डोळे मात्र भिंतीकडे.

"ह्या चित्रावर माहा भरोसा नाई. निळा असो का पिवळा, तू हात लावून पाह्य. काटा-बिटा हाय का."

रेवती खाली बसली. बाई वाट पाहत राहिल्या.

"लाव नं वं! लाजते काय?"

"कवाचा लावला, आत्याबाई," रेवती म्हणाली.