झेंड्याखालचे वीस जण

मित्रांनो, मी एक जुना पिवळा झेंडा आहे. कुठल्या देशाचा नाही की किल्ल्यावरचा नाही, तेव्हा उभे राहून सलाम वगैरे करू नका. पर्यटकांच्या पुढे चालणाऱ्या गाईडच्या हातात एक फडके असते ना, तेवढाच मी. सध्या हामासे बंदराच्या टेकडीवरच्या शाळेत, एका काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. माझ्याखाली एक पाटी लावली आहे. त्या पाटीविषयीच मला तुमच्याशी बोलायचे आहे, पण ते शेवटी. आधी सगळे ऐकून घ्या.

सायेको ओनोदेराला गाईडची नोकरी लागली तेव्हा तिच्या आईने मला शिवले. शाळकरी मुलांच्या पिवळ्या टोप्या शिवून उरलेले कापड घरात पडले होते. लांबून दिसेल असा रंग म्हणून तिने तेच घेतले, कडा दुमडल्या आणि मधोमध निळ्या दोऱ्याने समुद्रावर उडणारा एक कुरव पक्षी काढला. निदान तिच्या मते तो कुरव होता. सगळ्या बंदराला मात्र ते बदक वाटे. धक्क्यावर माकूळ मासळी भाजून विकणारी तोमे आजी तर रोज सकाळी ओरडायची, "आलं गं बाई, सायेकोचं बदक आलं!" मला राग यायचा. आता त्या हाकेसाठी मी काय वाटेल ते देईन.

सव्वीस वर्षे मी सायेकोच्या हातात होतो. ती ठेंगणी, त्यामुळे गर्दीत ती दिसायचीच नाही. दिसायचो तो मी. माझ्या मागून हजारो माणसे चालली. मासळीच्या लिलावाचे घर, जुने दीपगृह, विटांची गोदामे, टेकडीवरचे देऊळ, जेवण आणि शेवटी धक्क्यावरून बोटीची फेरी, असा आमचा दिवस ठरलेला असे. सकाळी बसमधून उतरताना ती एकच नियम सांगायची. "काही झालं तरी झेंडा सोडायचा नाही. चुकलात, घाबरलात, तरी झेंड्याखाली या. मी तुम्हाला मोजल्याशिवाय हलणार नाही." सव्वीस वर्षांत तिने एकही माणूस हरवला नव्हता. कचेरीत तिचे कौतुक होई, आणि मित्रांनो, खरे सांगतो, त्या कौतुकाने मी फुगून जात असे. मला वाटे, माणसे माझ्यामुळे सुखरूप घरी जातात.

तो दिवस ऑक्टोबरच्या अखेरीचा होता. आकाश स्वच्छ होते, पण वारा अजिबात नव्हता. मी काठीला चिकटून लोंबत होतो आणि सायेको मला पुन्हा पुन्हा झटकत होती. पहाटे जमीन एकदा हलली होती, नाश्त्याच्या वेळी पुन्हा एकदा. गावात कोणी मान वर करून पाहिले नाही. आमच्याकडे त्याची इतकी सवय आहे की लोक वाटीतले सूप सांडू नये म्हणून वाटी उचलतात आणि बोलणे पुढे चालू ठेवतात.

त्या दिवशीचे पर्यटक दूरच्या डोंगरातल्या एका खेड्यातले होते. वीस जण, सगळे साठी ओलांडलेले. त्यांच्यातल्या अनेकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांचे पुढारी मासुझावा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. बाकीचे त्यांचेच जुने विद्यार्थी नाहीतर शेजारी, त्यामुळे गुरुजींचा शब्द कोणी मोडत नसे. एकटा गेनजिरो तेवढा वेगळा. तो आयुष्यभर जंगलात लाकूडतोड्या होता, गळ्यात पांढरा पंचा बांधून आला होता आणि दर दहा मिनिटांनी कुठेतरी रेंगाळत होता. त्याची बायको किनू त्याला शोधून शोधून दमली होती.

"अहो, माणसात आलात ना? मग माणसासारखं रांगेत चला की!"

"रांगेत चालून काय दिसतं? पुढच्याची पाठ," गेनजिरो म्हणाला.

देवळाच्या पायऱ्यांच्या मध्यावर एक शेवाळलेला दगड आहे. 'या दगडाच्या खाली घर बांधू नका,' एवढेच त्यावर कोरले आहे. तिथे उभी राहून सायेको रोजच्यासारखी गोष्ट सांगू लागली. "आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची, जमीन जोरात हलली की आईनं लेकाची वाट बघायची नाही, लेकानं आईची बघायची नाही. ज्यानं त्यानं आपलं आपलं टेकडी गाठायची. दुसरा पण पळतोय, असं धरून चालायचं. एक जण कुणासाठी थांबला की त्याच्यासाठी दुसरा थांबतो, आणि मग सगळेच जातात." तिने हे इतक्या वेळा सांगितले होते की कुठे थांबायचे आणि कुठे हसायचे तेही ठरून गेले होते. गोष्ट संपताच तिने मला उंच धरले. "चला, आता फोटो. सगळे झेंड्याखाली या!"

सगळे आले. गेनजिरो दगडापाशीच बसला होता, अक्षरांवरून बोट फिरवत.

"बाई," त्याने विचारले, "पळताना झेंडा कुणाकडं असतो?"

"म्हणजे?"

"ज्यानं त्यानं आपलं पळायचं म्हणता. आणि सकाळी म्हणालात, झेंडा सोडायचा नाही. मग दोन्ही कसं जमायचं?"

लोक हसले. सायेकोही हसली. तिच्या मुठीतला घाम माझ्या काठीला लागला तो मला आठवतो. "असं काही होत नाही हो आजोबा," ती म्हणाली.

"आमच्या डोंगरात दगडावर कुणी उगीच लिहीत नाही," गेनजिरो पुटपुटला. त्याने दोनदा मागे वळून पायऱ्या किती आहेत ते पाहिले, हे फक्त मला दिसले.

जेवण झाले. दुपारी दोन वाजता आम्ही धक्क्यावर पोचलो. बोटीला अर्धा तास होता, म्हणून सायेकोने सगळ्यांना फिरायला मोकळे सोडले आणि फुलझाडांच्या गोल वाफ्यापाशी जमायचे असे सांगितले. तोमे आजीने आम्हाला पाहून चिमटा हलवला. "काय गं, आज बदक मेलं की काय? पंखसुद्धा हलवत नाही!"

"वाराच नाही, आजी."

"नाही खरा. मला नाही आवडत असलं पाणी," आजी म्हणाली आणि समुद्राकडे बघत राहिली. पाणी तेल ओतल्यासारखे सपाट पडले होते.

आणि मग जमीन हलली. सकाळसारखी नाही. फरशी लाटेसारखी वर आली, गोदामांच्या विटा पत्त्यांसारख्या गळू लागल्या, सायेको गुडघ्यांवर पडली. पडताना तिने काय केले ठाऊक आहे? दोन्ही हातांनी मला वर धरले. किती वेळ गेला कोण जाणे, पण शेवटी ते थांबले. गावाच्या भोंग्यातून एक बाई बोलू लागली, "मोठी लाट येण्याची..." आणि वीज गेली. पुढचा शब्द आलाच नाही.

मित्रांनो, ती शिस्तीची माणसे कशी वागली ते ऐका. कोणी किंचाळले नाही, कोणी ढकलाढकली केली नाही. डोक्यावर पिशव्या धरून ती एकेक करत माझ्याखाली येऊन उभी राहिली, सकाळी सांगितले होते तशी. सायेकोने मोजले. पुन्हा मोजले.

"एकोणीस," ती म्हणाली. "गेनजिरो आजोबा कुठं आहेत?"

"इथंच असतील," किनू म्हणाली. "जाऊन जाऊन जाणार कुठं? मला सांगितल्याशिवाय ते मोरीतसुद्धा जात नाहीत. झेंडा उंच धरा बाई, त्यांना दिसेल."

सायेकोने टाचा उंचावून मला उंच धरले. आणि त्या उंचीवरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली समुद्रात. पाणी धक्क्यापासून मागे सरकत चालले होते. आवाज न करता, घाई न करता. भिंतीचा कधी न दिसलेला हिरवा बुळबुळीत भाग उघडा पडला, नावा दोरखंडाला लटकल्या, आणि तळाच्या चिखलात मासे तडफडू लागले. दुसरी गोष्ट टेकडीवर. देवळाच्या पायऱ्यांवर, त्या दगडाच्याही वर, एक माणूस पांढरा पंचा जिवाच्या आकांताने हलवत होता. तो गेनजिरो होता. जमीन हलायची थांबताच तो सकाळी मनाशी ठरवल्याप्रमाणे सरळ टेकडीला लागला होता. ज्याच्यासाठी एकोणीस जण समुद्राच्या तोंडाशी उभे होते, तो सगळ्यांच्या आधी वर पोचला होता.

आणि त्या एकोणीस जणांपैकी एकही तिकडे बघत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. मला तोंड असते तर! सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या मुकेपणाची भीती वाटली.

तेवढ्यात तोमे आजी आली. जमीन हलली की आमच्या गावात माणूस आधी चूल विझवतो. आईच्या पोटातून शिकून यावे तशी ती सवय आहे. आजी आपली शेगडी बंद करून थांबली नव्हती, शेजारच्या दुकानांतल्या शेगड्याही बंद करत निघाली होती. आम्हाला पाहून ती जागीच थबकली.

"काय गं सायेको, इथं काय खांबासारखी उभी राहिलीस?"

"एक जण नाही, आजी."

"एक नाही म्हणून एकोणीस बुडवतेस काय?"

मासुझावा गुरुजी पुढे झाले. "आम्ही एकत्र आलो, एकत्रच जाऊ. मुलं मोजल्याशिवाय मी आयुष्यात शाळेचं फाटक ओलांडलं नाही."

"गुरुजी, शाळा सुटली आता!" आजी ओरडली. मग ती सायेकोकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, ही माणसं तुझं ऐकत नाहीत. त्या फडक्याचं ऐकतायत. ते तुझ्या हातात आहे तोवर एक जण हलायचा नाही. टाक ते बदक. टाक म्हणते ना!"

सायेकोने वर माझ्याकडे पाहिले. तिच्या आईने शिवलेला मी. आई जाऊनही तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मी मनात एकच म्हणत होतो: टाक. सायेको, टाक मला.

तिने मला जमिनीवर फेकले. नुसते सोडले नाही, आपटले. माझी काठी मोडली.

"झेंडा नाही आता!" ती किंचाळली. "कुणी कुणाची वाट बघायची नाही! मागं बघायचं नाही! आपापलं पळा, त्या पायऱ्यांकडं पळा!"

क्षणभर कोणीच हलले नाही. मग किनूचे पाय हलले. ती रडत होती, पण पळत होती. तिच्यामागून गुरुजी, मग सगळेच. फरशीवर पडल्यापडल्या मला त्यांचे बूट लांब जाताना दिसले. शेवटी सायेकोचे निळे बूट, ते एकदा थांबले आणि पुन्हा धावू लागले. माझ्याजवळ फक्त तोमे आजीचे रबरी बूट उरले.

"मी आलेच गं!" ती सायेकोच्या पाठीवर ओरडली. "कोपऱ्यावरची एक शेगडी राहिलीये. भडका उडाला तर गाव जळेल!" आणि ते बूट टेकडीकडे न वळता उलट्या दिशेला गेले. मी बघत होतो. मग समुद्राकडून असा आवाज आला, जणू कोणीतरी अख्खे गाव फरफटत आणत आहे. त्यानंतरचे मला सांगवत नाही.

पुढचे मी सायेकोच्या तोंडून ऐकले. ती दर वर्षी या शाळेत येऊन मुलांना सांगते. एकोणीसही जण वर पोचले. गेनजिरो दगडाच्या वरच्या पायरीवर बसला होता. किनूने पोचताच त्याला आधी पिशवीने बडवले आणि मग त्याच्या गळ्यात पडली. "सांगून जायला काय झालं होतं हो?" तो एवढेच म्हणाला, "बाईंनीच सांगितलं होतं ना सकाळी, की तू पण पळतेस असं धरून चालायचं? मी धरून चाललो. आणि वर येऊन बघतो तर तू खाली." मग तो म्हातारा लहान मुलासारखा रडला. तोमे आजी सापडली नाही. गावात आग मात्र लागली नाही.

तीन आठवड्यांनी एका पडक्या गोदामाच्या तुळईखाली, चिखलात मी सापडलो. मला धुतले, इस्त्री केली आणि इथे लावले. खालच्या पाटीवर लिहिले आहे: 'या झेंड्याने वीस जणांना सुखरूप वर नेले.'

खोटे आहे ते, मित्रांनो. मी कोणालाही वर नेले नाही. मी त्यांना खाली धरून ठेवले होते. मला टाकले तेव्हा ते वाचले. सायेकोने पाटी बदला म्हणून दोनदा विनवले. पण पाहुण्यांना ते वाक्य आवडते, बरेच जण पाटीसकट माझा फोटो काढतात. सायेकोने त्यानंतर कधी हातात झेंडा धरला नाही. ती माझ्यासमोर उभी राहते तेव्हा माझ्याकडे बघत नाही. खिडकीतून धक्क्याकडे, जिथे शेगड्या होत्या तिकडे बघते.

गेल्या मंगळवारी दुसऱ्या गावातून शाळेची सहल आली होती. तीस मुले, दोन-दोनच्या रांगेत. पुढे एक तरुण बाई, आणि तिच्या हातात पिवळा, कोरा करकरीत झेंडा. तिने पाटी मोठ्याने वाचून दाखवली. "बघा, म्हणून झेंडा सोडायचा नाही," ती कौतुकाने म्हणाली.

तेवढ्यात माझी काच वाजू लागली. हळू, मग जरा जोरात. जमीन हलत होती. तीसच्या तीस मुलांनी माना वर केल्या आणि त्या झेंड्याकडे पाहिले. बाई त्यांना मोजू लागल्या.

हादरा तेवढ्यावर थांबला. या वेळी थांबला.

मित्रांनो, म्हणून माझी एकच विनंती आहे. मला ऊन लागू नये, कसर लागू नये म्हणून तुम्ही फार जपता. नका जपू. ही काच काढा, ती पाटी काढा, आणि एकदा तरी मला तुमच्या हातांनी जमिनीवर फेकून बघा. हाताला सवय हवी. सायेकोला तेवढ्यासाठी सव्वीस वर्षे लागली, आणि ओरडून सांगायला तोमे आजी होती. ती आता नाही.