चार ओहमचे स्पीकर

कमलचे स्पीकर चार ओहमचे आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्यावरूनच झालं, आणि मला ते माहीत नव्हतं असं कोणाला वाटू नये. मी एकतीस वर्षं लाईनमन होतो.

स्पीकर एकूण सहा. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना माझ्या कमरेएवढे दोन उभे, टीव्हीखाली एक आडवा, मागच्या भिंतीवर दोन छोटे आणि कोपऱ्यात धमधम करणारा एक डबा. मी रिटायर झालो तेव्हा कमलला विचारलं होतं, तुला काय घेऊ. लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून तिला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने कमी. सुरतला तिच्या भावाकडे असे स्पीकर होते. तिथे तिला पिक्चरमधलं सगळं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं होतं. ती म्हणाली, सोनं नको, हेच घ्या.

लोणखेड्यात आमच्या गल्लीत असा आवाज कोणाकडे नव्हता. आधी समोरच्या वत्सलाबाई आल्या, मग त्यांनी आणखी चौघींना आणलं. दुपारचं जेवण झालं की बायका यायच्या, सतरंजीवर बसायच्या आणि पाच वाजेपर्यंत सिरियल, पिक्चर, जे लागेल ते बघायच्या. कमल मधोमध. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, कारण मशीनचा रिमोट माझ्याकडे असायचा. मशीन म्हणजे रिसीव्हर. टीव्हीचा आवाज त्यात येतो आणि तिथून सगळ्या स्पीकरना वाटला जातो. कमलला ऐकू आलं नाही की ती मागे न बघता बोट वर करायची आणि मी आवाज वाढवायचो. खिडकीच्या काचा वाजायच्या. संध्याकाळी माझं डोकं दुखायचं. ते मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ऐकू येत होतं, मला तेवढं पुरे होतं.

गणपतीत मशीनमधून जळका वास आला आणि ते बंद पडलं. नवीन बघतो म्हणालो, तोवर कमलच आजारी पडली. दिवाळीनंतर ती गेली.

दहा दिवस बायका येऊन बसत होत्या. ते रीतीचंच आहे. गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, पाहुणे गेले, आणि मला वाटलं आता दार लावून बसता येईल. दुसऱ्या दिवशी एक वाजता वत्सलाबाई आमच्या ओट्यावर सतरंजी झटकत होत्या. नवलभाऊला, म्हणजे मला, एकटं ठेवायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. कोणत्या दिवशी कोणाची भाकरी, चार वाजताचा चहा कोणाचा, सगळं ठरलेलं. फाटकाची कडी लावली तर त्या वरून हात घालून उघडायच्या. नळावर बादली घेऊन गेलो तर कोणीतरी ती हातातून काढून घ्यायचं. रात्री सोबतीला माझा चुलतभाऊ झोपायला यायचा, तो बंदोबस्त माझ्या मुलाने केलेला.

मला त्या खोलीत एकट्याला बसायचं होतं. रोज नको, एक दुपार. कमल गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. चार जणींसमोर येत नाही, आणि त्या बाहेरच्या खोलीत असल्या तर आतल्या खोलीतही येत नाही.

मुलगा नवनीत सुरतला असतो. एकदा फोनवर त्याला म्हणालो की बायका रोज येतात, जरा थांबल्या तर बरं. मग काजलने, सुनेने, फोन घेतला आणि म्हणाली, आप्पा, मन खचू देऊ नका. दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई सकाळी आठलाच आल्या, कारण काजलने त्यांना फोन केला होता. तेव्हा मला कळलं की आता माझ्या ‘नाही’ला कोणी ‘नाही’ समजणार नाही. त्याला दुःख समजतील आणि त्यावर उपाय म्हणून आणखी माणसं पाठवतील.

बायकांचा एकच त्रागा होता. टीव्हीच्या स्वतःच्या बारीक आवाजात त्यांना मजा येत नव्हती. मशीन कधी आणता, असं त्या रोज विचारायच्या. मी म्हणायचो, बघतो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. कमलची पहिली आखाजी. तिच्या नावाने घागर भरायची, सगळे नातेवाईक येणार. नवनीतने ठरवलं की त्या दिवशी आईचे स्पीकर वाजले पाहिजेत. पैसे त्याने पाठवून दिले आणि सांगितलं, शहाद्याला पितांबरच्या दुकानात जा, आईच्या स्पीकरला जुळेल असं चांगलं घ्या, तुमच्याइतकं कोणाला कळतं. मी जुने स्पीकर काढून टाकू का असं विचारलं. तो म्हणाला, आप्पा, असं बोलू नका.

बसमधून जाताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. मशीन आलं आणि नीट चाललं, तर ही खोली आणखी दहा वर्षं अशीच चालणार. मी पंच्याहत्तरीला पोचेन, तरी मागच्या खुर्चीवर असेन.

पितांबर माझ्या मुलाच्या वयाचा. पूर्वी मी त्याच्या दुकानाचं मीटर बसवलं होतं. त्याने दोन मशीन काढून ठेवली. एक जड, दोन हातांनी उचलावं लागेल असं, काळं, दिसायला साधं. दुसरं हलकं, समोर निळे दिवे, मोबाईलवरून चालणारं, आणि पुढे वॅटचा मोठा आकडा छापलेला. मी दोन्ही उलटी करून मागची पट्टी वाचली. जडवर चार ओहमपासून पुढे चालेल असं लिहिलं होतं. हलक्यावर सहापासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओहम जितके कमी, तितका स्पीकर मशीनकडून जास्त करंट ओढतो. सहासाठी बनवलेल्या मशीनला चारचे स्पीकर जोडले आणि आवाज मोठा ठेवला, तर ते तापतं. तापलं की आतलं संरक्षण त्याला बंद करतं. बिघडत नाही, फक्त बंद पडतं. आखाजीच्या उन्हात, घराच्या पत्र्याखाली, मशीन ठेवायचो त्या बंद कपाटात ते अर्धा तासही टिकणार नव्हतं. मग मी म्हणालो असतो, बघा, जुन्या स्पीकरला नवीन मशीन जुळत नाही. यंत्राने नाही म्हटलं तर त्याचं मन खचलंय असं कोणी म्हणत नाही.

मी हलक्यावर हात ठेवला. पितांबर लगेच म्हणाला, "आप्पा, हाई मशीन तुमना स्पीकरले चालाव नही. गरम व्हई आनि बंद पडी जाई."

मी म्हणालो, हेच दे.

त्याने बोटाने मागची पट्टी पुन्हा दाखवली. मग बिलावर खाली लिहिलं की गिऱ्हाइकाला ओहमची कल्पना दिली आहे, आणि त्याखाली माझी सही घेतली. म्हणाला, उद्या तुम्हीच मला शिव्या द्याल. एकतीस वर्षांत मी एक वायर मुद्दाम चुकीची जोडली नव्हती. ही पहिली.

आखाजीला नवनीत आणि काजल आले. सकाळी कमलच्या नावाने घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. जेवणं झाली. दोन वाजता खोली भरली. नेहमीच्या पाच जणी, शिवाय पाहुण्या. नवनीतने स्वतः मशीन सुरू केलं. आवाज आला तेव्हा वत्सलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी मागच्या खुर्चीवर होतो. आवाज वाढवत गेलो. कोणी बोट वर केलं नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी आतून टक् असं वाजलं आणि सगळं गप्प झालं.

मी उठलो, वरून हात लावून बघितलं आणि म्हणालो, तापलंय, जुळत नाही. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण काजलने आतून टेबलफॅन आणला आणि मशीनसमोर ठेवला. नवनीतने कपाटाची दारं काढली. दहा मिनिटांनी ते पुन्हा सुरू झालं. पुन्हा वीस मिनिटं चाललं, पुन्हा टक्. मग वत्सलाबाई जवळ जाऊन बसल्या आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागल्या. त्या थकल्या की दुसरी बसली. त्यांच्यात लगेच ठरलं की उद्या कोणी वारा घालायचा, परवा कोणी. एक जण म्हणाली, ओला फडका ठेवू या का वर. मी ओरडलो, पाणी नको. तेवढंच मी बोललो.

नवनीतला ते पटेना. त्याने पितांबरला फोन लावला, आणि खोलीत गलका होता म्हणून स्पीकरवर टाकला. पितांबर म्हणाला, "मी आप्पाले सांगेल व्हतं भो. बिलवर लिखेल शे, सही बी शे."

नवनीतने फोन ठेवला. तो मला आत यायला सांगेल असं वाटलं, पण त्याने तिथेच विचारलं. आवाज चढवला नाही.

"आप्पा, तुमले समजनं नही का?"

तो घाबरला होता. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा ते दिसलं. समजलं नाही असं म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण मग मला काही कळेनासं झालंय असं ठरलं असतं, आणि दोन दिवसांत माझी पेटी सुरतच्या गाडीत असती आणि मी नवनीतच्या घरी, सातव्या मजल्यावर.

"समजनं व्हतं," मी म्हणालो.

"मंग?"

"माले ते बंद पडाले जोयजे व्हतं."

ते बंद पडायलाच पाहिजे होतं, हे ऐकून काजल काहीतरी म्हणायला लागली. मी तिला हाताने थांबवलं आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. की मला दुपारी ही खोली बंद पाहिजे. की सहा महिने मी या घरात एकटा बसलेलो नाही. की मी आजारी नाही, मला कोणी सांभाळायला नको. नीट सांगता आलं नाही. मधेच कमलचं नाव आलं आणि मी थांबलो.

पाहुण्या चपला शोधू लागल्या. वत्सलाबाई पुठ्ठा हातात घेऊन तशाच बसून होत्या. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत, चिडल्या.

"मी तुमनाकरता येस असं तुमले वाटस का नवलभाऊ? मी मन्हाकरता येस. दुपारले सून झोपस. घरमा भांडं वाजाडानं नही, टीव्ही लावानं नही. कमल गयी, आते मी कोठे बठू?"

त्यांनी पुठ्ठा कपाटावर ठेवला, सतरंजीची घडी घातली, आणि सगळ्या गेल्या.

नवनीत दुसऱ्या दिवशी परत गेला. जाताना म्हणाला, तुम्ही आधी का नाही सांगितलं. मी म्हणालो, सांगितलं होतं. त्याने मान खाली घातली. चुलतभावाला मीच सांगितलं की आता येऊ नको.

पहिल्या दुपारी दार लावून मी खोलीत बसलो. रडू आलं नाही, झोप आली. उठलो तेव्हा साडेचार वाजले होते. दुसऱ्या दुपारीही झोपलो. तिसऱ्या दुपारी कमलच्या जागी खाली बसलो, आणि तिथे मला रडता आलं, बराच वेळ. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पाचव्या दिवशी सुपारी आणायला बाहेर पडलो. दीड वाजला होता. समोर वत्सलाबाई त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या, भिंतीच्या चार बोटं सावलीत, डोक्यावर ओला पंचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी सुपारी घेऊन आलो तरी त्या तिथेच. घरात जाऊन दार लावलं, पण झोप लागेना. डोळे मिटले तरी त्यांच्या ओट्यावरचं ऊन दिसत होतं.

मी परत बाहेर गेलो आणि म्हणालो, चार वाजेनंतर येत जा. चारपर्यंत माझं.

त्या म्हणाल्या, चार वाजता सून उठते, मग मला यायची गरजच काय. दोनपासून येऊ द्या.

मी म्हणालो, साडेतीन.

"साडेतीनले सिरियल सरी जास," त्या म्हणाल्या. "भाजी लेवाले उना का तुम्ही?"

शेवटी भाजीसारखी घासाघीस करून तीनवर ठरलं. भाकरी आणायची नाही, हेही ठरलं. चहा मी करणार. त्यावर त्या म्हणाल्या की तुमचा चहा कमललाही आवडत नव्हता, पण चालेल.

दुसऱ्या दिवशी हलकं मशीन पिशवीत घालून मी शहाद्याला गेलो. पितांबरने जड मशीन फळीवरून खाली काढलं. मग म्हणाला, "हाई बी बंद पाडनं शे का आप्पा?" हलकं त्याने बदलून घेतलं, दुकानातले लोक हसेपर्यंत मला टोमणे मारले, आणि माझी सही असलेलं जुनं बिल फाडून टाकलं.

घरी मी वायरी नव्या जोडल्या, लाल लालला, काळी काळीला. कपाटाला मागून भोकं पाडली. मशीन अजून एकदाही बंद पडलेलं नाही, पडणारही नाही. काचा पहिल्यासारख्या वाजतात. संध्याकाळी डोकं दुखतं.

एक वाजता मी फाटकाला आतून कडी लावतो. तीन वाजायला दहा मिनिटं असतात तेव्हा फाटकाबाहेर चपलांचा आवाज येतो, कुजबुज येते, कोणीतरी कोणाला गप्प करतं. कडी कोणी वाजवत नाही. मी खाली, कमलच्या जागी, बसलेलो असतो आणि ती दहा मिनिटं पूर्ण होऊ देतो. मग उठतो.