रफूची नोंद

हिवाळ्यातल्या सकाळी आमच्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीतून सावली न पाडणारा, शांत उजेड येतो. त्या उजेडात एखादे जुने वस्त्र पसरून देवराव उभे राहत, तेव्हा त्यांचा उजवा अंगठा कापडावरून इतक्या हलक्याने सरकत जाई, की खरखरीत त्वचेचे सुतावरचे अस्फुट कुजबुजणे तेवढे ऐकू येई. हातमोजे त्यांनी पहिल्याच दिवशी परत केले होते. ‘‘मोज्यात बोटं आंधळी होतात जी,’’ म्हणाले, आणि साबणाने दोनदा हात धुऊन आले.

ते मूळचे पारशिवनीकडचे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षे कापड तपासत होते. सरकत्या ठाणातली गाठ, डाग, विरळ वीण डोळ्यांनी टिपायची आणि सुटलेला दोरा कात्रीने उडवायचा. मग कॅमेऱ्याचे यंत्र आले आणि देवरावांच्या डोळ्यांची गरज संपली. त्यानंतरही कित्येक महिने ते सकाळी सातला कपडे करून ओट्यावर बसून राहत, असे त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितले. बेकार प्रौढांसाठी आमच्याकडे सहा महिन्यांचा प्रशिक्षणवर्ग असतो. मी तिथे शिकवते. त्या वर्षीच्या आठ जणांत देवराव सर्वांत वडील होते, आणि वर्गाअखेर एकालाच भांडारात मदतनीस म्हणून घेणार होते.

मी पहिला धडा देते तो असा : इथे दोष काढायचा नाही, फक्त लिहून ठेवायचा. देवरावांच्या बुद्धीला तो पटला. हातांना पटायला वेळ लागला.

एका कुटुंबाने दिलेले लाल लुगडे त्यांच्यापुढे होते. काठाजवळ कुणा अनाम स्त्रीने निळ्या दोऱ्याने बोटभर रफू केले होते. लाल दोरा बहुधा घरात नसावा. त्या दोऱ्याचे टोक बाहेर लोंबत होते. देवरावांनी खिशातली कात्री केव्हा काढली, हे त्यांनाही कळले नसावे. टोक ओढून कापले गेले आणि रफूच्या दोन ओळी पाण्यासारख्या निसटल्या.

मी आत आले तेव्हा ते नोंदवहीत लिहीत होते. शेजारी कामठीच्या कमलताई, त्यांच्याच वर्गातल्या, दबक्या आवाजात विचारत होत्या, ‘‘देवरावभाऊ, काहून लिहून राहिले तुम्ही? कोनाले मालूम पडते?’’

देवरावांनी मान वर केली नाही. ‘‘उद्या कोनी पाहीन, तं त्याले वाटन, त्या बाईनंच कच्चं काम केलं. चूक माही, तिच्यावर काहून टाकू?’’

मग मला पाहून ते उभे राहिले. ‘‘मॅडम, माह्या हातानं झालं. हाताले सवय हाय जी.’’ आवाज शांत होता. कात्री धरलेली मूठ मात्र उघडत नव्हती.

नोंदीत त्यांनी आपले नाव, तारीख आणि सुटलेल्या टाक्यांची संख्या लिहिली होती. मीही त्यांना थांबवले नाही, आणि पुढे निवड समितीने त्याच ओळीवर बोट ठेवले. मी भांडले, ते पुरेसे ठरले नाही. जागा कमलताईंना मिळाली. त्यांना संकोच वाटत होता. देवराव म्हणाले, ‘‘तुमचा हात चांगला हाय वं, बिनधास्त जा.’’

त्यानंतर वर्षभर, दर सोमवारी, संग्रहालय बंद असताना ते स्वयंसेवक म्हणून येत राहिले. शंभरावर वस्त्रांची अवस्था त्यांनी टपोऱ्या अक्षरांत टिपली. पुढे बुटीबोरीतच एका गोदामात काम लागले आणि त्यांचे येणे हळूहळू थांबले. आता त्या खोलीत नव्या लोकांचे अंगठे फिरतात.

लुगडे आज काचेमागे आहे. रफू करणारी कोण होती, हे कधीच कळणार नाही. तिचा चेहरा, तिचे घर, तिचे नाव, सारे काळाने पुसले आहे. पण न केलेली चूक तिच्या माथी आलेली नाही. आणि मागे नावही न उरलेल्या माणसाला काळाच्या दारी याहून मोठा न्याय मिळालेला मी तरी पाहिलेला नाही.